तात्यांच्या विहिरीची चतुःसीमा

साहेबांनी टेबलावर दोन कागद शेजारीशेजारी ठेवले आणि दोन्हींवर एकेक हात ठेवला.

“जंगम, यातला खरा कोणता?”

डाव्या हाताखालचा कागद माझ्याच हातचा होता. विषय : पिण्याच्या पाण्याचा टँकर मंजूर होणेबाबत. त्यातील तिसरे वाक्य असे : ‘गावातील सर्व विहिरी कोरड्या पडल्या असून एकाही विहिरीत पाण्याचा थेंब शिल्लक नाही.’ उजव्या हाताखालचा कागद टाइप केलेला होता. तो सांगलीच्या एका संस्थेकडून जिल्ह्याला गेला होता आणि तेथून शेरे घेत खाली तालुक्याला आला होता. त्यात त्याच गावातील एका विहिरीबद्दल लिहिले होते : ‘भर उन्हाळ्यातही पुरेसा साठा.’ त्याखाली मालकाचे संपूर्ण नाव, गट नंबर आणि चतुःसीमा. चतुःसीमा म्हणजे जमिनीच्या चारी अंगांना काय आहे याचा तपशील. पूर्वेस अमुक, दक्षिणेस तमुक. चतुःसीमा लिहिली की जमीन लपत नाही.

“दोन्ही खरे, साहेब,” मी म्हणालो.

“दोन्ही कसे?”

“अर्ज मागणीचा असतो. रिपोर्ट माहितीचा असतो. मागणीची भाषा निराळी.”

साहेब नायब तहसीलदार होते. टंचाईचे टेबल त्यांच्याकडे होते. माणूस वाईट नव्हता. मे महिना चालू होता आणि खिडकीबाहेर लिंबाखाली त्याच गावच्या बायका रिकाम्या घागरी पुढ्यात घेऊन सकाळपासून बसल्या होत्या. ते हसले नाहीत.

“मला भाषा शिकवू नका. मी तुम्हाला नियम सांगतो. गावात पाणी असेल, तर टँकर नाही. ज्या विहिरीत पाणी आहे ती ताब्यात घ्यायची आणि गावाला द्यायची. आता मला गावात पाणी सापडलं आहे. चारी बाजूंनी सापडलं आहे.”

एवढे बोलून त्यांनी कारकुनाला अधिग्रहणाचा आदेश टाइप करायला सांगितला. टंचाईच्या काळात सरकार खाजगी विहीर लोकांच्या पिण्यासाठी ताब्यात घेऊ शकते, त्याला अधिग्रहण म्हणतात. विहीर मालकाचीच राहते. पाणी त्याचे राहत नाही.

उजव्या हाताखालचा तो कागद कसा जन्मला हे सांगणे मला भाग आहे, कारण त्या वेळी मी तेथे हजर होतो.

मी व्यवसायाने अर्जनवीस. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील दुष्काळी पट्ट्यात, तालुक्याच्या कचेरीच्या आवारात माझे टेबल आहे. तालुका आणि गाव यांची नावे मी येथे दिलेली नाहीत. शिक्षण आठवीपर्यंत झाले. त्यापुढचे शिक्षण आवारात झाले आणि ते पदवी घेतलेल्या कारकुनांना आजही पुरून उरते. आम्ही जंगम असल्याने लोक मला ‘सामी’ म्हणतात. कोणता अर्ज कोणत्या टेबलाला जातो, कोणत्या शब्दाने तो पुढे सरकतो आणि कोणत्या शब्दाने अडतो, हे मला नव्या अधिकाऱ्यांपेक्षा अधिक ठाऊक असते. अनेक अधिकाऱ्यांनी हे मान्य केलेले आहे.

आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात आठल्ये मॅडम माझ्या टेबलाशी आल्या. त्या सांगलीला विश्रामबागेतील एका संस्थेत शिकवीत. मूळच्या वाईच्या. या भागात लोकांशी बोलायचे तर जंगम स्वामींना बरोबर घ्या, असे त्यांना कोणी तरी सांगितले होते. सल्ला योग्य होता.

त्यांचा विषय मी प्रथम नीट समजून घेतला, कारण विषय कळल्याशिवाय मी कोणाबरोबर जात नाही. त्या म्हणाल्या, जगाची उष्णता वाढते आहे असे शास्त्रज्ञ सांगतात. पुढे पाऊस कसा पडेल याची खात्री नाही. कदाचित थोड्या दिवसांत पुष्कळ पडेल आणि मधले दिवस कोरडे जातील. तसे झाले तर कोण टिकेल? ज्या भागात पाऊस आजच लहरी आहे, तेथील शेतकरी जमीन कशी वापरतो, पाणी कसे राखतो, हे पाहायचे आणि लिहून ठेवायचे. याला त्यांच्या शास्त्रात ‘जुळवून घेणे’ म्हणतात.

“म्हणजे जो टिकला आहे त्याला शोधायचे,” मी म्हणालो.

“बरोबर.”

“तो सहजासहजी सापडणार नाही, मॅडम. टिकलेला माणूस कचेरीत येत नाही.”

आम्ही सुरुवात सरपंचांपासून केली. त्यांची द्राक्षबाग गावात सर्वांत मोठी. एके काळी त्या जमिनीत शाळू होत असे. आता लोखंडी अँगल, तारा आणि मांडव. सरपंचांनी आम्हाला कोरड्या विहिरीच्या काठावर उभे केले.

“बाई, आदी सांगा. तुमी टँकरवाल्या का कर्जवाल्या?”

“दोन्ही नाही. मी अभ्यास करते.”

“मग लिवा, पाणी न्हाई.”

“पण मोटारीचा आवाज येतो आहे.”

“त्यो बोअरचा. तुमी हिरीचं इचारलं.”

“बोअर किती खोल आहे?”

“ते बोअरवाल्यालाच ठावं. त्यो कवाच गेला मिरजंला.”

मॅडमनी सगळे लिहून घेतले. दिवसभर प्रत्येक घरी थोड्याफार फरकाने असेच झाले. संध्याकाळी पारावर बसल्यावर त्या मला म्हणाल्या, “सगळे खोटं का सांगतात?”

मी त्यांना समजावले की हे खोटे नव्हे. हातात कागद धरलेल्या माणसाला आमच्याकडे कोणी पाणी सांगत नाही. पाणी सांगितले तर टँकर जातो, हे लोक अनुभवाने शिकले आहेत. मॅडम नदीकाठच्या गावात वाढलेल्या होत्या. त्यांना हे समजायला वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी आम्ही ओढ्याच्या वरच्या अंगाला गेलो. तेथे ज्यांची वस्ती होती त्यांना आपण तात्या म्हणू. वय साठीच्या आसपास, अंगात बंडी, बोलणे मोठ्याने. पोटी मुलगा एकच, तो मिलिटरीत. घरी तात्या आणि त्यांची पत्नी हौसाकाकू. दारात खिलार जनावरे : पांढऱ्याशुभ्र गाई, खोंडे आणि एक वळू. त्या वळूकडे आजूबाजूच्या गावांतून गाई आणीत असत. तात्यांचा संसार त्या खिल्लारावर चालत असे. पीक त्यांना दुय्यम होते.

गावात तात्यांची थट्टा होत असे, कारण त्यांनी उताराची निम्मी जमीन कुरण म्हणून राखली होती. ‘सगळं गाव द्राक्षं पिकवतंय, तात्या गवत पिकवतोय,’ असे लोक म्हणत. उरलेल्या जमिनीला चांगल्या ताली, म्हणजे पाणी अडवणारे बांध, घातलेल्या होत्या. त्यात शाळू आणि करडई.

“पाणी आहे का, तात्या?” मॅडमनी विचारले.

“हाय की.”

मी मान वर करून पाहिले. दोन दिवसांत हे उत्तर प्रथमच ऐकत होतो.

तात्या आम्हाला विहिरीवर घेऊन गेले. मॅडमनी टोकाला वजन बांधलेली मोजपट्टी आत सोडली. ती वर ओढली तेव्हा बरीच ओली होती. त्यांनी विश्वास न बसून पुन्हा सोडली.

“दोन परस हाय,” तात्या म्हणाले. “पट्टी कशाला भिजिवता?” परस म्हणजे पुरुषभर खोली.

“मोटार कुठे आहे?”

“गोठ्यात झोपलीया.”

खरोखरच मोटार गोठ्यात पोत्यात गुंडाळून ठेवली होती. पोत्याला कुंकू लावलेले होते.

“शिमगा झाला की मोटार वर. मिरगापत्तुर तिला सुट्टी. माज्या आज्ज्याच्या टायमाला मोट व्हती, ती बी शिमग्याला सुटायची. आता मोटार हाय. रीत तीच.”

“मग उन्हाळ्यात पाणी कसं काढता?”

“पोहऱ्यानं. हातानं जेवडं वडवतं तेवडंच लागतं माणसाला.”

“वडती मी,” हौसाकाकू गोठ्यातून म्हणाल्या. “आन् सांगतोय ह्यो.”

मॅडम हसल्या. मग कुरणाकडे पाहत राहिल्या. गवतामुळे उतारावरचे पाणी थबकते, जमिनीत उतरते आणि खालच्या विहिरीला मिळते, हे त्यांनी मला समजावले. त्या तात्यांना म्हणाल्या, “तुम्ही काय केलं आहे, याची तुम्हाला कल्पना आहे का?”

“काय केलं? मी काय बी केलं न्हाई. केलं न्हाई म्हणूनच पाणी हाय.”

“मुलगा काय म्हणतो?”

“सुट्टीवर आला की त्याचं एकच तुणतुणं. बोअर मारू, बाग लावू. मी म्हनतो, मी हाय तवर ह्यी जनावरंच माजी बाग. माज्या मागारी तुला काय इस्कोट करायचा त्यो कर गड्या.”

प्रश्न निघाला तो जाताना. मॅडमनी कागदावर तात्यांच्या नावाच्या जागी एक आकडा लिहिलेला मी पाहिला. विचारले तेव्हा म्हणाल्या, रिपोर्टमध्ये नावे घालत नाहीत, ‘शेतकरी क्रमांक अमुक’ एवढेच लिहितात. हीच त्यांची पद्धत.

“म्हंजी कैद्यावानी?” तात्या म्हणाले. “चोरी केलीया व्हय मी?”

“तसं नव्हे, तात्या. तुमच्या भल्यासाठीच.”

“गावात पाणी राखलं मी. आन् कागदावर कोन, तर नंबर. उद्या सरपंच म्हनल, त्यो नंबर माजाच हाय.”

यात मला मत देणे आवश्यक होते. माझ्या व्यवसायात निनावी कागदाची काय गत होते, ते मला चांगले माहीत आहे. निनावी अर्जावर कारकून ‘दप्तरी दाखल’ असा शेरा मारतो, आणि त्यानंतर तो कागद कोणाच्याही दृष्टीस पडत नाही. कागदाला माणूस हवा, माणसाला गाव हवे, गावात त्याची जमीन हवी आणि जमिनीला चतुःसीमा हवी. तेव्हाच सरकार त्याची दखल घेते. असा दाखला सरकारदरबारी गेला तर तात्यांचा सत्कार होईल, कदाचित कुरण राखणाऱ्यांसाठी एखादी योजना निघेल, असे मी दोघांनाही समजावून सांगितले.

“नगं,” हौसाकाकू म्हणाल्या. “नाव कागदावर गेलं की कायतरी मागं लागतं.”

“तू गप. सामी आपल्या चांगल्यासाठी सांगत्यात.”

मॅडमनी कागदावरचा आकडा पुन्हा पाहिला. शेवटी म्हणाल्या, “त्यांची लेखी संमती असेल, तर संस्थेत विचारून पाहते.”

संमतीपत्र मी तेथेच, गोठ्याच्या कट्ट्यावर बसून लिहिले. पूर्वेस काय, दक्षिणेस काय, पश्चिमेस काय आणि उत्तरेस काय, ते सगळे त्यात घातले. तात्यांनी मला ते पुन्हा वाचायला लावले. ऐकताना ते ताठ बसले होते. सही करताना त्यांनी बंडीचे बटण लावून घेतले.

संस्थेने परवानगी दिली. मोठा रिपोर्ट अधिकारी वाचत नाहीत, म्हणून त्याच्या पुढे एका पानाचा गोषवारा जोडतात. तात्यांची विहीर हा त्या साऱ्या अभ्यासातील एकच उत्साह देणारा भाग होता, म्हणून ती गोषवाऱ्यात आली. नाव, गट नंबर आणि चतुःसीमेसह.

त्या वर्षी पाऊस फसला. मृगात दोन सरी आल्या, मधले दिवस वाऱ्यात गेले आणि परतीचा पाऊस ओढ्याच्या पलीकडेच थांबला. नेहमीप्रमाणे मी गावासाठी टँकरचा अर्ज लिहिला. पुढे साहेबांच्या टेबलावर काय झाले, ते वर सांगितलेच आहे.

आदेश बजावायला तलाठी निघाले तेव्हा मीही गेलो. मला कोणी बोलावले नव्हते. पण तात्यांना वाचून दाखवायला कोणी तरी हवे होते.

तात्यांनी आदेश हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

“सामी, ह्ये माजंच नाव हाय न्हवं?”

“तुमचंच.”

“मॅडमच्या कागदातलं?”

“त्यातूनच आलं आहे.”

मी वाचून दाखवले. चतुःसीमेपाशी त्यांनी मला थांबवले. “चारी बाजू बराबर हायत,” ते म्हणाले.  हौसाकाकू दारात उभ्या होत्या. त्यांनी काहीही म्हटले नाही. त्यांना म्हणता आले असते.

“तान्हेल्याला न्हाई म्हनू ने,” तात्या तलाठ्यांना म्हणाले. “गाव माजंच हाय. बाया येऊंद्यात, घागरीनं नेऊंद्यात, रातध्याड नेऊंद्यात. पर हिरीत पायप सोडू नगा.”

“तात्या, टँकर घागरीनं भरत नसतो.”

“मग टँकर नगा आनू. पायी येत्यात की बाया. एवडुशी तर वाट.”

“आदेशात टँकर लिहिला आहे.”

तलाठ्यांचे म्हणणे कायद्याने योग्य होते. तात्यांचे म्हणणे विहिरीच्या दृष्टीने योग्य होते. पोहऱ्याने उपसा झाला असता, तर झऱ्याला भरून काढायला अवधी मिळाला असता. गावाला पाणी मिळाले असते आणि जनावरेही जगली असती. परंतु तशी सोय आदेशाच्या नमुन्यात नव्हती.

टँकर आला. विहिरीत पाइप सुटला. आधी त्या गावाला पाणी गेले, मग शेजारच्या दोन वाड्यांनाही तीच विहीर जोडून दिली गेली. गावातील कोणाला वाईट वाटले नाही असे नाही. पण दारात आलेले पाणी कोणी परत पाठवीत नाही. कुरणाच्या मध्यातून टँकरच्या चाकांची वाट पडली. काही दिवसांनी तात्या माझ्या टेबलाशी आले. त्यांना तालुक्याला आलेले मी त्याआधी फारसे पाहिले नव्हते.

“सामी, टँकर सरपंचाच्या बागंत रिकामा व्हतोय.”

खात्री केल्याशिवाय मी अर्ज लिहीत नाही. मी स्वतः गेलो. सरपंच बांधावरच भेटले. त्यांनी नाकारले नाही.

“स्वामी, छाटणी झालीया. आत्ता पाणी तुटलं तर मुळासकट जाईल. वरसाचं पीक गेलं तर सोसंल, येल गेलं तर मी उटत न्हाई.”

“हे पिण्याचं पाणी आहे, सरपंच.”

“मग बाग पीतच हाय की.”

तात्या माझ्यामागे उभे होते. “आन् माज्या गाई?”

“तात्या, गायीला पाय हायत. बाजारला चालत जाती. बाग मी कुटं न्हिऊ?”

तात्यांना घेऊन मी टेबलाशी परत आलो. 

मी हरकतीचा अर्ज लिहिला. माझ्या आयुष्यातील तो एक उत्तम अर्ज आहे, असे आजही माझे मत आहे. पिण्यासाठी घेतलेले पाणी बागेस जाते हा एक मुद्दा. मालकाच्या जनावरांसाठी वाटा राखून ठेवावा हा दुसरा. उपसा हाताने व्हावा हा तिसरा. मॅडमना मी सांगलीला फोन लावला. दुसऱ्याच दिवशी त्या एस.टी.ने आल्या. उन्हाने चेहरा लाल झालेला होता. आम्ही तिघे साहेबांसमोर उभे राहिलो.

“ही विहीर भरलेली दिसते, कारण ती उपसली जात नाही,” मॅडम म्हणाल्या. “तिचे झरे बारीक आहेत. मोटारीने उपसली, तर ती महिनाभरही टिकणार नाही.”

“मॅडम, तुमच्याच रिपोर्टात ‘पुरेसा साठा’ असं लिहिलं आहे.”

“एका कुटुंबाला आणि त्यांच्या गुरांना पुरेसा. पुढच्याच परिच्छेदात तसं स्पष्ट केलं आहे.”

“माझ्याकडे एकच पान आलं आहे.”

“मी संपूर्ण रिपोर्ट आणला आहे.”

साहेबांनी तो घेतला. चाळला. पुढचा परिच्छेद वाचलाही. नंतर खिडकीकडे बोट करून म्हणाले, “त्या बायकांना मी हा परिच्छेद वाचून दाखवू का?”

बायका त्या दिवशीही बसल्या होत्या. या खेपेस दुसऱ्या वाड्यांवरच्या.

“सरपंचांच्या बागेचं काय?” मी विचारले.

“चौकशी लावतो.”

“जनावरांचा वाटा?”

“टँकर माणसांसाठी असतो, जंगम. जनावरांसाठी दुसरं टेबल आहे. तिकडे वेगळा अर्ज द्या.”

 तात्या मॅडमकडे वळून म्हणाले, “बाई, त्या कागदावरनं माजं नाव खोडता येतंय का?”

मॅडमनी मान खाली घातली. साहेबच म्हणाले, “नाव खोडून पाणी खोडता येत नाही, तात्या.” त्यांच्या बोलण्यात कुत्सितपणा नव्हता. तो त्यांचा थकवा होता.

चौकशी लागली. टँकर बागेत जायचे बंद झाले, आणि ज्या आठवड्यात ते बंद झाले त्याच आठवड्यात विहिरीचा तळ लागला. पाइपात चिखल येऊ लागला. तेव्हा गावात पाणी नाही हे सिद्ध झाले आणि बाहेरून भरून येणारा टँकर मंजूर झाला. तो पारापाशी उभा राहू लागला. मी एकदा कामानिमित्त गावात गेलो असता हौसाकाकू रांगेत दिसल्या. हातात घागर होती. पुढे सरपंचांची सून होती. मला पाहून काकूंनी पदर पुढे ओढला आणि तोंड दुसरीकडे केले.

माणशी ठरलेले पाणी मिळे. दोन माणसांच्या वाट्यात वळूची तहानही भागत नसे. जनावरांच्या दुसऱ्या टेबलाला दिलेला अर्ज मी स्वतः चार वेळा विचारून आलो. चारा छावणी मंजूर झाली, परंतु ती सुरू होण्याआधी तात्यांनी जनावरे विकायला काढली. खिलार जनावर चिखलातले पाणी पीत नाही, दावणीला डोळे मिटून उभे राहते. तात्यांना ते पाहवले नाही.

बाजार कवठे महांकाळच्या बाजूला भरला होता. दुष्काळातल्या बाजारात गिऱ्हाईक कोण असते, ते या भागातील वाचकांना सांगावयास नको. एरवी त्या वळूसाठी लोक कोसाकोसांवरून येत. त्या दिवशी एकाही शेतकऱ्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही.

आमच्याकडे जनावर विकले तरी दावे विकत नाहीत. विकणारा दावे सोडून घरी आणतो, म्हणजे दावण रिकामी राहत नाही अशी समजूत आहे. तात्या संध्याकाळी कचेरीच्या रस्त्याने परत गेले. सगळी दावी एका खांद्यावर होती. मी टेबलावरून उठून हाक मारली. ते थांबले.

“सामी, चहा प्यालाय का?” एवढेच म्हणाले, आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता पुढे गेले.

मॅडम पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा आल्या. अभ्यास एका वर्षाचा नसतो, तीच माणसे पुन्हा पाहायची असतात. त्यांनी मला बरोबर येण्याची विनंती केली आणि मी गेलो. सबंध गावाने त्यांना एकच उत्तर दिले. पाणी न्हाई. ज्यांच्याकडे होते त्यांनीही दिले आणि ज्यांच्याकडे नव्हते त्यांनीही. या खेपेस मॅडमनी खरेखोटे विचारले नाही.

ओढ्याच्या वर गेलो. कुरण मोडलेले होते. मुलगा सुट्टीवर येऊन बोअर मारून गेला होता. उतारावर नवे अँगल ओळीने उभे होते आणि वेलांना नुकतीच पालवी फुटत होती. गोठ्यात दावी खुंट्यांना नीट गुंडाळून ठेवलेली होती. मोटारीवरचे पोते जमिनीवर पडले होते. मोटार कुठे दिसली नाही.

मॅडमनी कागद काढला.  मग विचारले, “तात्या, जमिनीचा वापर बदलला असं लिहू?”

“लिवा की.”

“विहिरीत पाणी?”

“न्हाई.”

“बोअरला?”

“न्हाई.”

मागे बोअरची मोटार चालू होती. तिघांनाही ऐकू येत होती.

“आता नाव घालणार नाही मी, तात्या. नंबरच घालते.”

“घाला की नाव. नाव घाला, गट नंबर घाला, चारी बाजू घाला. सामी सांगतील तसं. पाणी तेवडं लिवू नगा.”

हौसाकाकूंनी चहा आणला. मॅडमनी तो घेतला. परत येताना आम्ही एकाच एस.टी.त होतो. मी तालुक्याला उतरताना त्या म्हणाल्या, “स्वामी, एकच माणूस सापडला होता.” पुढे त्यांनी हा विषय सोडून नदीच्या गाळाचा अभ्यास घेतला असे ऐकले.

बोअर वर्षभरच टिकला. त्यापुढच्या उन्हाळ्यात तो फुसफुस हवा ओकू लागला. गावात तोवर इतके बोअर झाले होते की कोणाचे पाणी कोणी ओढले हे सांगता येत नव्हते. सरपंचांच्या बागेचेही निम्मे वेल वाळले होते. तात्या माझ्या टेबलाशी आले आणि समोरच्या बाकावर बसले.

“टँकरचा अर्ज लिवा. समद्या गावानं मलाच धाडलंय. सरपंच म्हनला, तात्याला न्हाई म्हननार न्हाईत.”

मी कागद घेतला. विषय लिहिला.

“त्ये तुमचं वाक्य घाला,” ते म्हणाले. “सगळ्या हिरी कोरड्या. येक थेंब न्हाई.”

मी ते वाक्य घातले. इतकी वर्षे मी ते लिहीत आलो होतो. त्या दिवशी ते प्रथमच शब्दशः खरे होते. तात्यांनी सही केली. या वेळी त्यांनी बटण लावले नाही.

टँकर लगेच मंजूर झाला. साहेब बदलून गेले होते. नव्या साहेबांनी अर्ज वाचला आणि कोणतीही शंका घेतली नाही.

नाव, गाव आणि चतुःसीमा नसलेल्या कागदाची सरकार दखल घेत नाही, असे मी आजवर सर्वांना सांगत आलो. ते खरे आहे. त्याच कारणाने या लेखात ती दिलेली नाहीत.